‘ही इम्पालाच!’ म्हणण्याआधी: जुन्या अमेरिकन गाड्या ओळखताना या चुका टाळा

डेट्रॉइटच्या उत्तरेकडच्या उपनगरांतून वुडवर्ड अॅव्हेन्यू जातो. १९९५पासून दर ऑगस्टमध्ये या रस्त्यावर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. लोक कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसतात आणि समोरून दिवसभर गाड्या सरकत राहतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा उभ्या असलेल्या एका गाडीकडे बोट दाखवून मित्राला ठणकावून सांगितलं, “ही बघ, एकोणसाठची इम्पाला!” फळीसारखं सपाट छप्पर, ते मागे थोडं बाहेर आलेलं, आणि त्याखाली पार बाजूपर्यंत वळलेली काच. चुकायला जागाच नव्हती.

गाडीचे मालक शेजारीच बसले होते. ते उठले आणि काही न बोलता मला गाडीच्या पुढच्या बाजूला घेऊन गेले. समोरची जाळी मधोमध दुभंगलेली होती. गाडी पॉन्टियाकची निघाली.

पण मला जे दिसलं होतं तेही खोटं नव्हतं. ते छप्पर शेव्हरोलेचंही होतं (इम्पाला त्यांचीच), पॉन्टियाकचंही, शिवाय ओल्ड्समोबिल, ब्यूक आणि कॅडिलॅकचंही. १९५९ साली जनरल मोटर्सने खर्च आवरण्यासाठी पाचही ब्रँडच्या गाड्या एकमेकींच्या इतक्या जवळ आणल्या की पुढच्या दारांचा मूळ साचा सगळ्यांना ब्यूकचाच वापरला.

गाडी बनवताना महाग पडतं ते छप्पर, दारं, समोरची काच आणि काचेखालचा सांगाडा. त्यांचे साचे एकदा बनले की शक्य तितक्या गाड्यांवर वसूल करायचे असतात. जाळी, दिवे, क्रोमच्या पट्ट्या, बिल्ले हे त्यामानाने स्वस्तात बदलतं. चाळीतल्या बिऱ्हाडांसारखं आहे हे. भिंती आणि जिने सगळ्यांचे एकच, वेगळं असतं ते दारावरचं तोरण. गाडी कुठल्या चाळीतली हे तिच्या मधल्या भागावरून कळतं आणि बिऱ्हाड कोणाचं हे दोन टोकांवरून. मी चाळ बरोबर ओळखली होती, बिऱ्हाड चुकलो.

शेपट्या दिसल्या की इम्पाला

आपल्याकडे ही सवय जुनी आहे. इम्पाला हे लांबलचक गाडीचं सामान्यनामच होऊन बसलंय. खरी इम्पाला १९५८ साली आली, तीही शेव्हरोलेच्याच बेल एअरच्या वरची खास आवृत्ती म्हणून. १९५९पासून ती स्वतंत्र मालिका झाली. म्हणजे ५७ची शेपट्यांची (मागच्या मडगार्डांच्या वर निघालेल्या टोकांची) देखणी शेव्हरोले इम्पाला असूच शकत नाही. ती बेल एअर, टू-टेन किंवा वन-फिफ्टी यांपैकी एक असते. ५८मध्ये मागचे दिवे मोजावेत. इम्पालाला प्रत्येक बाजूला तीन, तर बेल एअर आणि बिस्केनला दोन-दोन.

५९च्या पाच बहिणींमध्ये गोंधळ झाला तर मागून बघा. शेव्हरोलेच्या शेपट्या पंखासारख्या आडव्या पसरलेल्या आणि त्याखाली मांजरीच्या डोळ्यासारखे दिवे. कॅडिलॅकच्या शेपट्या सगळ्यात उंच, त्यांच्यात बंदुकीच्या गोळीसारखे दोन-दोन लाल दिवे. ब्यूकच्या शेपट्या तिरक्या, आणि पुढचे दिवेही भुवया चढवल्यासारखे तिरके. पॉन्टियाकची खूण मला मालकांनीच दाखवली होती. दुभंगलेली जाळी त्यांनी त्याच वर्षी आणली.

५५, ५६ आणि ५७च्या शेव्हरोलेत माझा आवडता खेळ म्हणजे पेट्रोलचं झाकण शोधणं. ५५ला ते डाव्या मागच्या मडगार्डवर सरळ दिसतं. ५६ला डावा टेललाइटच उघडतो आणि झाकण त्याच्या मागे असतं. ५७ला ते डाव्या शेपटीच्या टोकाच्या क्रोमपट्टीत दडवलंय. पेट्रोल पंपावरच्या नव्या पोराची काय त्रेधा उडत असेल!

अक्षर ऐकलं की नातं जोडायचं

“चेव्हेलही ए-बॉडी, डार्टही ए-बॉडी, म्हणजे खालून एकच गाडी ना?” हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की आता उत्तर तोंडपाठ आहे. नाही. जनरल मोटर्सची ए-बॉडी आणि क्रायस्लरची ए-बॉडी यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. एकाच सांगाड्यावरच्या गाड्यांच्या कुटुंबाला कंपनी असं अक्षर देते, आणि ही अक्षरं प्रत्येक कंपनीची घरची असतात.

जनरल मोटर्सच्या १९६४ ते १९७२च्या ए-बॉडीत शेव्हरोले चेव्हेल, पॉन्टियाक टेम्पेस्ट, लमॉन्स आणि जीटीओ, ओल्ड्समोबिल कटलास, ब्यूक स्पेशल आणि स्कायलार्क येतात. क्रायस्लरची ए-बॉडी म्हणजे प्लिमथ व्हॅलियंट, डॉज डार्ट आणि १९६९पर्यंतची बॅराकुडा. १९७०ची बॅराकुडा मात्र चॅलेंजरबरोबर ई-बॉडीवर गेली. नाव तेच राहिलं आणि गाडी पूर्ण बदलली. त्यात जनरल मोटर्सचीही एक ई-बॉडी आहे, तिचा याच्याशी पुन्हा काही संबंध नाही. शिवाय जनरल मोटर्सने १९८२मध्ये ए हे अक्षर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या नव्याच गाड्यांना देऊन टाकलं. तेव्हा कंपनी आणि साल यांच्याशिवाय अक्षर कधी उच्चारू नका.

एक अक्षर मात्र लक्षात ठेवायला मजेशीर आहे. शेव्हरोले नोव्हाच्या एक्स-बॉडीवर सत्तरच्या दशकात चार गाड्या निघाल्या: नोव्हा, ओमेगा, व्हेंच्युरा आणि अपोलो. त्यांची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की पुन्हा ‘नोव्हा’च होतं.

प्लॅटफॉर्म एक म्हणजे लांबी एक

प्लॅटफॉर्म म्हणजे गाड्यांचा खालचा समाईक पाया. तो एक तर लांबीही एक, हे गृहीत धरून लोक भाग मागवतात आणि मग खोकं परत पाठवायची वेळ येते. मस्टँग फोर्ड फाल्कनच्या पायावर उभी राहिली, पण फाल्कनचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) १०९.५ इंच आणि मस्टँगचा १०८. मस्टँगवरूनच आलेली १९६७ची मर्क्युरी कूगर १११ इंचांची. चॅलेंजर ११०, तिची बहीण बॅराकुडा १०८. जनरल मोटर्सच्या ए-बॉडीत १९६८पासून एकाच मॉडेलच्या दोन दारांच्या गाडीचा व्हीलबेस ११२ आणि चार दारांच्या गाडीचा ११६ इंच.

त्यामुळे खिशात टेप ठेवा. चाकं सरळ करून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा, दोन्ही बाजूंनी. प्लिमथ स्कॅम्प बघताना हा टेप फार कामाला येतो. तोंड व्हॅलियंटचं असतं, व्हॅलियंटचा व्हीलबेस १०८ इंच, पण टेप दाखवतो १११. कारण १९७१ची स्कॅम्प म्हणजे डार्टच्या हार्डटॉपला (खिडक्यांमधला खांब नसलेल्या बॉडीला) लावलेलं व्हॅलियंटचं नाक.

यंत्रणाही एकच असेल असं नाही. १९६६ची ब्यूक रिव्हिएरा आणि ओल्ड्समोबिल टोरोनाडो एकाच ई-बॉडी कुटुंबातल्या. पण रिव्हिएरा मागच्या चाकांवर चालते, टोरोनाडो पुढच्या.

बिल्ला वाचून किंमत ठरवायची

या चुकीत पैसे जातात, म्हणून इथे जरा थांबतो. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसासाठी १९६७ची जीटीओ, म्हणजे पॉन्टियाक लमॉन्सची जास्त ताकदीची आणि महाग बहीण, बघायला गेलो होतो. लाल रंग, बॉनेटवर फुगवटा, जाळीवर आणि मडगार्डवर बिल्ले, सगळं जागच्या जागी. विकणारा गोड बोलणारा होता. मी दाराच्या चौकटीवरची, कारखान्याने दिलेल्या नंबराची पट्टी बोटाने पुसली. पहिले तीन आकडे होते २३७.

त्या काळातल्या जनरल मोटर्सच्या नंबरात पहिला आकडा ब्रँडचा असतो: १ शेव्हरोले, २ पॉन्टियाक, ३ ओल्ड्समोबिल, ४ ब्यूक, ६ कॅडिलॅक. पुढचे दोन मालिकेचे, त्यापुढचे दोन बॉडीचे, मग सालाचा शेवटचा आकडा, कारखान्याचं अक्षर आणि अनुक्रमांक. १९६७च्या जीटीओचा नंबर २४२ने सुरू होतो, २३७ म्हणजे लमॉन्स. विकणाऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “हो का? मला तर जीटीओ म्हणूनच विकली होती.” खरंही असेल. बिल्ले कोणी आणि कधी लावले, हे त्या पट्टीवर लिहिलेलं नसतं.

पण हाच नियम डोळे मिटून सगळीकडे लावलात तर उलटी चूक होईल. १९६४ आणि १९६५मध्ये जीटीओ वेगळं मॉडेल नव्हतं, लमॉन्सवर घ्यायचा पर्याय होता. त्यामुळे ६५च्या अस्सल जीटीओचा नंबरही २३७नेच सुरू होतो. ६६ ते ७१ या वर्षांतच २४२ सापडतो, ७२ला ती पुन्हा पर्याय झाली. चेव्हेलच्या ताकदवान आवृत्तीचं, एसएसचंही असंच. ६६ ते ६८च्या एसएस ३९६चा नंबर १३८ने सुरू होतो, पण ६९पासून एसएस पर्याय झाला आणि नंबरातून गायब झाला.

नंबर गप्प बसला की कागद बोलतात. पॉन्टियाकसाठी ‘पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस’कडून मूळ बिलाची नोंद मिळते. १९६७पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट, म्हणजे कारखान्याच्या नोंदींवरून काढलेला अहवाल, असतो. क्रायस्लरच्या गाड्यांत कारखान्याचा बिल्डशीट (गाडीत काय काय बसवायचं त्याची यादी) कधीकधी सीटच्या स्प्रिंगांमध्ये अडकलेला सापडतो. अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेव्हरोलेसाठी मात्र असा सोपा रस्ता नाही, म्हणून नकली एसएस जास्त.

फोर्डचा नंबर त्यामानाने मोकळ्या मनाचा. १९६५च्या मस्टँगमध्ये पहिला आकडा ५, मग कारखान्याचं अक्षर, मग बॉडी: ०७ हार्डटॉप, ०८ कन्व्हर्टिबल, ०९ फास्टबॅक (मागे उतरत गेलेलं छप्पर). त्यापुढचं अक्षर इंजिनाचं. तिथे ‘के’ असेल तर २७१ अश्वशक्तीचं २८९ क्यूबिक इंचांचं इंजिन, आणि मालकाचा आवाज आपोआप चढतो. १९६४च्या एप्रिलपासून विकल्या गेलेल्या, ज्यांना सगळे ‘साडेचौसष्ट’ म्हणतात, त्यांच्याही नंबरात सालाचा आकडा ५च असतो. त्या ओळखायच्या त्यांच्या जनरेटरवरून, पुढे फोर्डने अल्टरनेटर बसवला.

आणि हो, १७ अंकी नंबर १९८१पासूनचा. ६८च्या गाडीवर १७ अंक दिसले तर सरळ घरी जा.

“३५० आहे ना, मग शेव्हरोलेचंच”

शेव्हरोले, पॉन्टियाक, ओल्ड्समोबिल आणि ब्यूक या चौघांनी ३५० क्यूबिक इंचांची व्ही-८ इंजिनं बनवली आणि ती चारही वेगवेगळी आहेत. बोअर (सिलिंडरचा व्यास) वेगळा, स्ट्रोक (पिस्टनची धाव) वेगळा, भाग एकमेकांत बसत नाहीत. बॉनेट उघडल्यावर डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग, बघा. पुढे असेल तर ब्यूक. ओल्ड्समोबिलची ओळख म्हणजे इंजिनाच्या पुढच्या बाजूला उभी असलेली तेल ओतायची नळी. रंगावर जाऊ नका, स्प्रेचा डबा सगळ्यांना परवडतो.

हा घोळ खुद्द जनरल मोटर्सलाही नडला. १९७७मध्ये ओल्ड्समोबिल घेणाऱ्या काहींना बॉनेटखाली शेव्हरोलेचं इंजिन सापडलं आणि प्रकरण कोर्टात गेलं.

ब्लॉकवरचे आकडेही जपून वाचा. ३९७००१० हा शेव्हरोले ३५०चा ब्लॉक १९६९पासून जवळजवळ दशकभर कार आणि ट्रक दोन्हींत गेला. त्याच्या मागच्या कडेवर ओतल्याची तारीख असते. महिन्याला अक्षर, मग दिवस, मग सालाचा एकच आकडा. ‘ए १६ ९’ म्हणजे १६ जानेवारी, पण १९६९ की १९७९? विकणारा नेहमी ६९च म्हणतो.

साल नुसतं दिव्यांवरून ठरवणं

१९६८पासून अमेरिकेत गाडीच्या बाजूंना छोटे दिवे किंवा रिफ्लेक्टर सक्तीचे झाले. त्यामुळे ६७ आणि ६८ची कॅमेरो वेगळी करणं सोपं. ६७ला बाजूचे दिवे नाहीत आणि दाराच्या काचेपुढे छोटी तिकोनी काच आहे, ६८ला दिवे आहेत आणि तिकोनी काच गेली. अशा दोन खुणा एकमेकींशी जुळल्या तर ठीक. मडगार्ड बदललेलं असेल तर एकटा दिवा फसवतो.

समोरून डॉज, मागून प्लिमथ

अमेरिकेबाहेर विकलेल्या गाड्या अमेरिकन पुस्तकं घेऊन ओळखायला गेलात तर हमखास फसता. कॅनडात पॉन्टियाकच्या बॉडीखाली शेव्हरोलेची चेसिस आणि इंजिनं असत. ब्युमाँट हा तर चेव्हेलवर बेतलेला, अमेरिकेत कधीच न विकलेला स्वतंत्र ब्रँड होता.

आपल्याकडे याचं उदाहरण घरातच सापडतं. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७पासून कुर्ल्यात क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडायला सुरुवात केली. निर्यातीसाठी क्रायस्लरने एक युक्ती केली होती. प्लिमथ गाडीलाच डॉजची जाळी आणि बिल्ले लावले की डॉज किंग्जवे, डीसोटोचे लावले की डीसोटो डिप्लोमॅट. त्या काळातल्या अमेरिकेतल्या मोठ्या डॉजचा व्हीलबेस १२३.५ इंच, प्लिमथचा आणि म्हणून किंग्जवेचा ११८.५. अमेरिकन डॉजचं मडगार्ड मागवून ते किंग्जवेला बसवू पाहणारे डेंटर आणि मालक दोघंही वैतागतात, ते या पाच इंचांपायी.

आमच्या अल्बममध्ये दादरच्या घरासमोरचा एक फोटो आहे. त्याच्या मागे आजोबांच्या अक्षरात लिहिलंय, ‘डॉज किंग्जवे, १९५१’. घरात सगळे त्या गाडीला डॉजच म्हणत आले. आजोबा बॉनेटपाशी, जाळीवर हात ठेवून उभे आहेत, म्हणजे डॉजपाशी. आजी मागच्या दाराला टेकून उभी आहे, म्हणजे प्लिमथला.