दाताची कीड आणि झाडपाला: या चुका टाळा

दाढ ठणकायला लागली की घरात आधी लवंग शोधली जाते. त्यात वावगं काही नाही. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल जंतू मारतं आणि नस बधिरही करतं. दंतवैद्य तात्पुरतं सिमेंट भरतात त्यात झिंक ऑक्साइडच्या जोडीला तेच असतं. घोळ पुढे होतो. ठणका थांबला, म्हणजे कीड मेली, असं धरून दवाखाना लांबवला जातो. दाताला पडलेला खड्डा कुठल्याही तेलाने बुजत नाही. उलट आतली नस मेली तरी ठणका थांबतोच, आणि मग एके दिवशी गाल सुजून येतो.

तेल निव्वळही लावू नका, हिरडी भाजते. खोबरेल तेलात थेंबभर मिसळून कापसाच्या बोळ्याने दुखऱ्या दातापुरतंच टेकवा. लहान मुलांना अजिबात नको. पोटात गेलं तर यकृतावर बेततं.

‘अमक्या अर्काने जंतू मेले’ या बातम्यांनीही हुरळून जाऊ नये. कीड लावणारा मुख्य जंतू स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. तो साखरेपासून चिकट ग्लुकन तयार करतो आणि त्या थरात दडून राहतो. प्रयोगशाळेतल्या बशीत सुटे जंतू तासन्तास अर्कात बुडालेले असतात. तोंडात मात्र लाळ तो थोड्याच वेळात धुऊन नेते. म्हणून आधी ब्रशने थर काढा, चूळ नंतर. ग्रीन टीतले कॅटेचिन ग्लुकन बनवणाऱ्या एन्झाइमलाच अडवतात, हे खरं. पण त्यात चमचाभर मध घातलात तर जंतूंची मेजवानीच! गोडापासून ते आम्ल करतात, आणि पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं आवरण विरघळू लागतं. लिंबू चोळणारे तर हे आम्ल स्वतःच्या हाताने लावतात.

कडुनिंब-बाभळीची काडी चांगलीच, पण दातांच्या फटीत ती पोचत नाही आणि दात मजबूत करणारं फ्लोराइडही देत नाही. सकाळी काडी हवी तर वापरा; रात्री किमान १००० पीपीएम (दहा लाखांत हजार भाग) फ्लोराइडची पेस्ट हवीच.

मिश्रीला मात्र वनस्पतीचं औषध म्हणू नका. ती भाजलेली तंबाखू आहे. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनावर भारतात १९९२ पासून बंदी आहे, तरी घरोघरी तवा तापतोच. मिश्री लावणाऱ्याच्या तोंडात पांढरा चट्टा दिसला आणि दोन आठवड्यांत गेला नाही, तर कुठलाही काढा न करता थेट दंतवैद्याला दाखवा.