एंडोस्कोपी रूममध्ये या चुका टाळा: अडलं की थांबा

नवीन टेक्निशियन आला की मी आधी त्याचा हात बघते. स्कोपच्या (पोटात घालायच्या कॅमेऱ्याच्या नळीच्या) चॅनलमध्ये, म्हणजे आतल्या बारीक पोकळ वाटेत, फोर्सेप (तुकडा घ्यायचा लांब चिमटा) सरकवताना जरा अडलं, तर हात थांबतो की जोर लावतो? जोर लावणाऱ्याला त्या दिवशी मी पुन्हा फोर्सेप देत नाही.

नेहमीच्या गॅस्ट्रोस्कोपचं चॅनल २.८ मिलिमीटरचं आणि त्यातून जाणारा बायोप्सी फोर्सेप साधारण २.३-२.४ चा. दोन्ही बाजूंना नखाच्या जाडीइतकीही फट उरत नाही. त्यात स्कोपचं टोक वळवलेलं असेल, तर फोर्सेपचं ताठ डोकं वळणावर अडकणारच. अशा वेळी डॉक्टरांना 'सर, अँगल सोडा', म्हणजे टोक सरळ करा, असं म्हणायचं, फोर्सेप स्क्रीनवर दिसला की सर पुन्हा वळवतील. हे म्हणायला मुलं घाबरतात आणि मग ढकलतात. मी फोर्सेप वाल्व्हच्या (चॅनलच्या तोंडावरच्या झडपेच्या) अगदी जवळ धरते आणि दोन-दोन सेंटिमीटर सरकवते. लांबून धरून ढकललं की वायर दुमडते. आणखी एक, फोर्सेपच्या टोकाचा कप (जबडा) बंद ठेवायचा म्हणून हँडल घट्ट आवळू नका. त्याने फोर्सेप आणखी ताठ होतो.

इंजेक्शनच्या सुईने तर मी एक अख्खा स्कोप गेलेला पाहिलाय. जुलैची रात्र होती. दिवसभराच्या पावसाने लोकल बंद, त्यामुळे ड्यूटीवर माणसं कमी. रक्ताच्या उलट्या होणारा पेशंट आला. अल्सरमधून रक्त येत होतं, सरांनी कडेने ॲड्रेनॅलिन दिलं, रक्त थांबलं. सर म्हणाले, "काढ." आमच्या ज्युनिअर मुलाने इंजेक्टर, म्हणजे चॅनलमधून घातलेली सुईची लांब नळी, ओढला. सुई म्यानात घेतलीच नव्हती. मी पेशंटचं सक्शन बघत होते, माझ्याही लक्षात आलं नाही. ओढताना खरखर लागली होती, असं तो नंतर म्हणाला.

तरीही स्कोप वाचला असता. पण पहाटेचे तीन वाजलेले, मुलगा दमलेला. लीक टेस्ट (स्कोपमध्ये हवा भरून गळती बघणं) न करताच त्याने स्कोप पाण्यात बुडवला आणि सुईने चॅनलला पाडलेल्या भोकातून पाणी आत गेलं. सकाळी पहिल्याच पेशंटला चित्र धुरकट. लोकल सुरू होताच विरार, कसाऱ्याहून उपाशीपोटी आलेल्या लोकांना आम्ही परत पाठवलं. दुरुस्तीच्या खर्चापेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त लागते. चॅनलला भोक पडलं की त्यातून रक्त अशा जागी झिरपतं, जिथे ना ब्रश पोचतो ना औषध. ते पुढच्या पेशंटच्या पोटात जाऊ शकतं.

तेव्हापासून माझ्या रूममध्ये सुई आत घेणारा मोठ्याने 'सुई आत' म्हणतो आणि सर स्क्रीनवर बघून 'आत' म्हणतात. दोन्ही आवाज आल्याशिवाय इंजेक्टर हलत नाही. घालण्याआधी टेबलावर सुई तीनदा आत-बाहेर करून बघायची. लीक टेस्ट प्रत्येक केसनंतर, धुण्याआधी, नॉब चारही दिशांना फिरवत करायची, कारण बारीक भोक टोक वाकवल्यावरच उघडं पडतं. यात मोजून काही मिनिटं जातात. ती वाचवणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही.

बाकीचं थोडक्यात. फोर्सेप स्क्रीनवर दिसल्याशिवाय उघडू नका. स्नेअरची (गाठ कापायच्या तारेच्या फासाची) वायर चॅनलच्या पूर्ण बाहेर दिसत नसेल तर करंट देऊ नका. ईआरसीपीत (पित्तनलिकेच्या एंडोस्कोपीत) ॲक्सेसरी टोकातून बाहेर सरकवताना एलिव्हेटर (टोकावरची उचलपट्टी) खाली. वाकलेला फोर्सेप बोटांनी सरळ करून वापरू नका, फेकून द्या.

आता धुण्याबद्दल. पाकिटावर २ च्या आकड्यावर काट असेल, तर ती वस्तू एकदाच वापरायची. 'धुऊन चालतं' हे मला कुणी सांगू नये. पुन्हा वापरायचा फोर्सेपही स्कोपसोबत वीस मिनिटं ग्लुटाराल्डिहाइडमध्ये (जंतुनाशकात) ठेवून भागत नाही. तो आतल्या अस्तराचा तुकडा तोडतो, म्हणून निर्जंतुकच हवा. केस संपताच एन्झाइमच्या पाण्यात टाका, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रक्त वाळलं की निघत नाही. मग अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी धुणं), बिजागरीला मेडिकल तेल आणि ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं). पॅक बाहेर आल्यावर ओलसर लागला, तर मी तो बाजूला काढते आणि पुन्हा लावते, मग बाहेर कितीही पेशंट थांबलेले असोत.