चर्चमधल्या झिजलेल्या थडग्यांवरची अक्षरं कशी वाचावीत

गोव्यात बार्देशातल्या रेइश मागुश गावचं चर्च १५५५ सालचं. पोर्तुगीज व्हाइसरॉय दों लुईश द अताईद यांची समाधी इथेच आहे. अशा चर्चमधल्या समाधिशिला पावलांनी घासून इतक्या गुळगुळीत होतात, की वरून पाहिलं तर कोरा दगडच वाटतो.

१. मिस्सा (चर्चमधली सामुदायिक प्रार्थना) सुरू असताना जाऊ नका. ती आटोपली की दार उघडंच असतं, तेव्हा विचारून आत जा.

२. मोबाइलचा टॉर्च शिळेच्या बाजूला, फरशीपासून चार बोटं वर, जवळजवळ आडवा धरा. फ्लॅश बंद. समोरून पडलेला उजेड खाचांतली सावली पुसून टाकतो, म्हणून फ्लॅशच्या फोटोत काहीच उमटत नाही.

३. फोन दोन हवेत, एक उजेडाला आणि एक फोटोला. चारही बाजूंनी एकेक फोटो काढा. उभ्या रेघा डाव्या-उजव्या उजेडात उठतात, आडव्या वरच्या-खालच्या.

४. मजकूर बहुधा पोर्तुगीज. 'यू'च्या जागी 'व्ही' आणि 'जे'च्या जागी 'आय' कोरलेला असतो, त्यामुळे 'येथे विसावला आहे' या अर्थाचे सुरुवातीचे दोन शब्द, 'आकी जाझ' (Aqui jaz, दगडावर AQVI IAZ), ओळखू येत नाहीत. ते सापडले की पुढे नाव शोधायचं.

खडू, पीठ, पाणी यातलं काहीही शिळेवर घासू नका. खडूची भुकटी दगडाच्या छिद्रांत बसते ती निघत नाही.

बाहेर पायऱ्यांच्या तळाशी कोरलेले सिंहही बघून घ्या. पावसाळ्यात मात्र जपून, जांभ्यावर शेवाळ धरतं.