फ्वा ग्रावर शहरात बंदी मागताय? आधी या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईतल्या आमच्या गटाने पहिलं निवेदन दिलं तेव्हा खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, "गवतावर बंदी कशाला पाहिजे तुम्हाला?" चूक त्यांची नव्हती. आम्ही 'फोय ग्रास' असं छापून नेलं होतं. उच्चार 'फ्वा ग्रा', शब्दशः अर्थ चरबीदार यकृत. थोडक्यात, बदकाची किंवा हंसाची मुद्दाम फुगवलेली कलेजी. तेव्हापासून आम्ही विषयाच्या ओळीतच 'नळीने जबरदस्तीने चारून फुगवलेल्या बदकाच्या यकृताची विक्री' असं लिहितो. फ्रेंच नाव नंतर, एकदाच. आणि पोच घेतल्याशिवाय हलत नाही. आवक क्रमांक नसलेलं निवेदन म्हणजे रद्दी.

बंद असलेलंच बंद करा म्हणणं

ही चूक आम्ही जवळजवळ सहा महिने केली. विदेश व्यापार महासंचालनालयाने जुलै २०१४ मध्ये फ्वा ग्राची आयात बंद केली. अशी आयातबंदी घालणारा भारत हा जगातला पहिला देश. "ठाण्यात फ्वा ग्रा येऊ देऊ नका" असं लिहिलंत, तर समोरचा अधिकारी एवढंच म्हणेल की ते बंदच आहे, आणि फाइल तिथेच मिटेल.

पण आयातबंदी म्हणजे विक्रीबंदी नव्हे. आधीच आत आलेला किंवा चोरवाटेने आलेला माल कुणी ताटात वाढला तर काय, हा प्रश्न उरतो. म्हणून मागणीचे दोन तुकडे करा. आयातीची अंमलबजावणी हे सीमाशुल्क विभागाचं काम, तिथे माहिती अधिकारात अर्ज करा: २०१४ नंतर किती माल अडवला, किती नष्ट केला. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. न्हावा शेवा बंदर नवी मुंबईच्या उंबरठ्यावर आहे आणि आता शेजारी विमानतळही सुरू झालाय, त्यामुळे हा प्रश्न आपण नाही तर कोण विचारणार? विक्रीचा तुकडा मात्र वेगळ्या दारी न्यायचा.

चुकीचं दार ठोठावणं

मुंबईतल्या एका मित्राचा मसुदा आम्ही जसाच्या तसा उचलला होता. त्यात १८८८ च्या कायद्याचा हवाला. तो मुंबई महापालिकेचा कायदा. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू होतो. हे कळायला आम्हाला एका निवृत्त वॉर्ड ऑफिसरची गाठ पडावी लागली, आणि त्यांनी चहा संपेपर्यंत आमची चेष्टा केली.

महापालिकेला उपविधी (स्वतःचे स्थानिक नियम) करता येतात, पण ते राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय चालत नाहीत. त्यामुळे "महापालिकेने उद्यापासून बंदी घालावी" ही मागणी वाचायला जोरदार, प्रत्यक्षात पोकळ. महासभेत ठराव करून राज्याकडे शिफारस करावी, एवढंच मागा. त्यासाठी एखाद्या नगरसेवकाला तयार करावं लागतं. (नवी मुंबईत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून काही वर्षं प्रशासकच होते. त्या काळात महापौरांच्या नावाने निवेदनं पाठवणारेही आम्हीच.)

दुसरं दार अन्न व औषध प्रशासनाचं. इथे लोक क्रूरतेची चित्रं घेऊन जातात आणि हात हलवत परततात. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार अन्नसुरक्षा आयुक्त एखाद्या पदार्थावर बंदी घालू शकतात, पण सार्वजनिक आरोग्यासाठी, आणि एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी दरवर्षी नव्याने काढावी लागते ती याचमुळे. बदकाच्या वेदना हा त्या टेबलावरचा विषयच नाही. तिथे विचारायचं ते असं: माल कुठून आला, आयातदार कोण, लेबलवर परवाना क्रमांक आहे का? बंदी असलेला माल असेल तर या प्रश्नांना धड उत्तर मिळणार नाही आणि तुमचं काम सोपं होईल.

आणि प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०? तो प्राण्याला छळणाऱ्याला पकडतो, कलेजी विकणाऱ्याला नाही. शिवाय पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. वडापावच्या दोन प्लेट.

शिकागोकडून अर्धवट शिकणं

"शिकागोने केलं, मग ठाण्याने का नाही?" हे वाक्य मीही भाषणात वापरलंय. शिकागोने २००६ मध्ये विक्रीबंदी केली हे खरं, पण २००८ मध्ये ती मागेही घेतली. मधल्या काळात काही हॉटेलं दुसऱ्या पदार्थाचे पैसे लावून फ्वा ग्रा 'फुकट' देत होती. तेव्हा मसुद्यात नुसतं 'विकणे' लिहू नका. 'विकणे, वाढणे किंवा भेट म्हणून देणे' असं लिहा. न्यूयॉर्क शहराने २०१९ मध्ये कायदा केला, पण राज्याच्या कृषी खात्याने हरकत घेतली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि बंदी अमलात येऊ शकली नाही. शहर एक म्हणतं, राज्य दुसरं. आपल्याकडचंच चित्र.

शाकाहाराचा झेंडा हाती घेणं

आता माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. ठाण्या-नवी मुंबईत आगरी-कोळी माणसाच्या ताटाकडे बोट दाखवलंत की मोहीम संपली. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत १५ ऑगस्टला मांसविक्री बंद ठेवण्याचा आदेश निघाला आणि केवढं रान पेटलं, ते आठवा. आमच्या एका सभेत एकाने उत्साहात "मांसच सोडा" म्हटलं, आणि पुढच्या रांगेतल्या, दिवाळे गावातल्या काकू पिशवी उचलून निघाल्या. त्या आमच्या सगळ्यात कामाच्या कार्यकर्त्या होत्या. त्यांना परत आणायला दोन महिने लागले.

मुद्दा खाण्याचा नाही, पद्धतीचा आहे. दिवसातून दोनदा, साधारण बारा ते पंधरा दिवस बदकाच्या घशात नळी घालून मक्याचा भरडा उतरवतात. यकृत नेहमीच्या दहापटीपर्यंत फुगू शकतं. हे शांतपणे सांगितलं की मासे विकणाऱ्या बाईलाही पटतं, कदाचित आपल्यापेक्षा लवकर. तिला यकृत कसं दिसायला हवं ते माहीत असतं.

"आणि स्कूटरला उलट्या लटकवलेल्या कोंबड्या?" हा प्रश्न येणारच. टाळू नका, "त्याचं काय" म्हणून उडवूनही लावू नका. तोही छळच आहे असं कबूल करा आणि त्यासाठी वेगळी तक्रार करायला सोबत बोलवा. आमचे दोन नवे सदस्य असेच मिळाले.

मेन्यू वाचून बोंब मारणं

मेन्यूवर 'पाते' (वाटलेल्या कलेजीचा लेप) दिसलं की फोटो काढून सोशल मीडियावर टाकायची घाई करू नका. बहुतेक वेळा ते साध्या चिकन कलेजीचं असतं. फक्त बदकाचं मांस म्हणजेही फ्वा ग्रा नव्हे. कुठलीही खातरजमा न करता हॉटेलचं नाव घेतलंत तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची नोटीस येऊ शकते. आधी मॅनेजरला विचारा. बिलावरचा चौदा अंकी परवाना क्रमांक टिपून ठेवा, तक्रार करायची वेळ आलीच तर तो लागतो.

मॅनेजरशी बोलताना आवाज चढवला की तो वकिलाचा नंबर काढतो. आम्ही आता एक पानी पत्र देतो: 'आमच्याकडे हा पदार्थ मिळत नाही, मिळणार नाही.' सही करायला बहुतेकांची हरकत नसते, कारण त्यांच्याकडे तो नसतोच. एकाने तर सही करून वर विचारलं, "साहेब, कोंबडीची कलेजी ठेवली तर चालेल ना?"

पत्र घेतलं म्हणून ते हॉटेल यादीतून काढू नका. डिसेंबरच्या मध्यावर पुन्हा एकदा चक्कर मारा. नाताळ आणि थर्टी फर्स्टच्या खास मेन्यूत शेफ बदललेला असतो, आणि त्याला तुमच्या पत्राची कुणी कल्पनाच दिलेली नसते.