रेडिओ स्कॅनरवर सिग्नल क्षीण? आधी अँटेना आणि केबल बघा

लांबच्या केंद्राचं बोलणं स्कॅनरवर (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी आपोआप चाळून ऐकवणाऱ्या रेडिओवर) तुटक येत असेल, तर अँप्लिफायर विकत घेण्याआधी अँटेना उंचावर न्या. स्कॅनरवर सहसा ऐकल्या जाणाऱ्या व्हीएचएफ-यूएचएफ (३० ते ३००० मेगाहर्ट्झच्या) रेडिओ लहरी साधारण सरळ रेषेत जातात. खोलीतून गच्चीवर नेलेली साधी अँटेनाही मोठा फरक पाडते. ती उभीच लावा. अँटेनाचा पाव तरंगलांबीचा दांडा मीटरमध्ये किती? ७५ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागा: १५० मेगाहर्ट्झसाठी अर्धा मीटर.

खरी गळती केबलमध्ये असते, आणि तिकडे सहसा कुणी बघत नाही. आरजी-५८ ही बारीक अँटेना-केबल ३० मीटर लांब असेल, तर ४५० मेगाहर्ट्झला सुमारे १० डेसिबल खाते. म्हणजे वर पकडलेल्या सिग्नलचा जेमतेम दहावा हिस्सा खाली पोचतो! जाड, कमी गळतीची केबल घ्या, नाहीतर लांबी कमी करा. प्रीअँप्लिफायर (स्कॅनरआधी सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर, म्हणजेच प्रीअँप) लागलाच तर अँटेनापाशी बसवा. स्कॅनरजवळ लावून केबलने खाल्लेलं परत येत नाही. जवळ एफएम प्रक्षेपक असेल तर आधी एफएम सिग्नल अडवणारा फिल्टर लावा, कारण तो जोरदार सिग्नलही वाढवून प्रीअँपने काम उलट बिघडू शकतं.

खरखर फारच असेल तर घरातले चार्जर, एलईडी दिवे एकेक बंद करून पाहा. गच्चीवरच्या अँटेनाला अर्थिंग हवंच, आणि विजा कडाडण्याची चिन्हं दिसताच केबल स्कॅनरपासून काढून ठेवा.