उदबत्तीचं भोक आणि काचेचे मणी

गणपतीत भाचीच्या काळ्या कुर्त्याला उदबत्ती लागली आणि गळ्याखाली डाव्या बाजूला वाटाण्याएवढं भोक पडलं. दुसऱ्या दिवशी ती कुर्ता घेऊन हजर. "मावशी, यावर मणी लाव ना."

लावले. पण आधी अर्धा तास दुसरंच काम केलं, जे बहुतेक जण गाळतात. मणी म्हणजे वजन. फाटक्या कापडावर वजन टांगलं तर भोक वाढणारच. आधी ठिगळ, मग नक्षी.

कुर्त्याच्या खालच्या दुमडीतून दोन इंच कापड निघतं. ठिगळाला तेच घ्या, कारण ते त्याच ताग्यातलं. भोकाची जळकी कड कातरून टाका. सिंथेटिक कापडात ती कडक होते आणि टोचत राहते. ठिगळ आतून लावा, भोकापेक्षा चहूबाजूंनी अर्धा इंच मोठं, आणि बारीक धावदोऱ्याच्या दोन फेऱ्या मारा. शिफॉन-जॉर्जेट असेल तर नक्षी येणार त्या सगळ्या जागेमागे ऑर्गंझाचा, म्हणजे कडक झिरझिरीत कापडाचा, तुकडा हवा. टी-शर्ट मी सरळ परत पाठवते. कापड ताणलं की दोरा तुटतो, आणि मग मणी घरभर.

भरतकामाला ११ नंबरचे काचेचे मणी बरे, साधारण दोन मिलिमीटरचे. नंबर वाढतो तसा मणी बारीक होतो, हे दुकानात लक्षात ठेवा. इंचाला अठरा-एक बसतात, म्हणजे तीन इंचांच्या वेलीला पन्नास-पंचावन्न. पुण्यात मी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जाते. काच की प्लॅस्टिक, ते मणी गालाला लावून बघते. काच गार लागते. रंग पक्का आहे का, ते मात्र असं कळत नाही. एकदा बहिणीच्या ब्लाउजला आतून चंदेरी असलेले गुलाबी मणी लावले. पहिल्याच धुण्यात गुलाबी गेला, नुसती चंदेरी उरली. बहीण अजून ऐकवते. तेव्हापासून नव्या पुडीतले दहा मणी साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवते आणि सकाळी पांढऱ्या फडक्यावर चोळते.

सुई मण्यांचीच घ्या, १० नंबरची. साधी सुई मण्यात शिरते, पण नेढ्यापाशी अडते आणि ओढाओढीत मणी फुटतो. दोरा पॉलिस्टरचा, कापडाच्या रंगाचा, हातभर, मेणबत्तीवरून एकदा ओढलेला. सुती दोरा काचेच्या कडेवर घासून तुटतो. कटदाणा म्हणजे नळीसारखा लांबट मणी, त्याची कड तर पात्यासारखी असते, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना एकेक गोल मणी घ्यायचा.

आता नक्षी. भोकावर तेवढंच एक फूल काढलंत तर बघणारा ओळखतो की इथे काहीतरी झालंय. भाचीच्या कुर्त्यावर मी खांद्यापासून वेल उतरवली आणि भोक तिच्या तिसऱ्या पानाखाली घेतलं. खडूने आखून, अंगावर घालून आरशात बघा, मगच कापड ताणून धरणारी भरतकामाची रिंग लावा. रिंग नक्षीपेक्षा मोठी हवी. लावलेल्या मण्यांवर ती आवळली की मणी फुटतात.

टाका एकच पुरतो, उलटी टीप. गाठ मारून सुई वर काढा. तीन मणी ओवून रेषेवर झोपवा आणि शेवटच्या मण्याला खेटून सुई खाली घाला. मागे येऊन दुसऱ्या-तिसऱ्या मण्यांच्या मधून वर या, तिसऱ्यातून पुन्हा ओवा, पुढचे तीन घ्या. फार खेचलं तर कापड चुण्या पाडतं, सैल ठेवलं तर मणी लोंबतात. दर पाच-सहा टाक्यांनी उलट बाजूला गाठ मारा. कंटाळवाणं आहे, पण दोरा तुटलाच तर पंधराएक मणी जातील, सगळी वेल नाही.

टिकली, म्हणजे मधे भोक असलेली चमकी, लावायची असेल तर सुई टिकलीतून वर, एक मणी घ्यायचा, आणि त्याच टिकलीतून परत खाली. मणी टिकलीला धरून ठेवतो.

धुताना उलटा करून हाताने, पिळायचं नाही. इस्त्री उलट बाजूने, खाली जाड टॉवेल घालून. प्लॅस्टिकचे मणी असतील तर तिथे इस्त्री नकोच. आणि त्याच पुडीतले वीसेक मणी चिंधीच्या पुरचुंडीत बांधून कुर्त्याच्या आतल्या शिवणीला टाचून ठेवा. पुढच्या वेळी बाजारात नेमका तोच रंग मिळत नाही.