फौजी पेशंट आणि आपण: नवीन मेडिकल सोशल वर्करसाठी माझे अनुभव

एमएसडब्ल्यू (सोशल वर्कची मास्टर्स डिग्री) झालं, हॉस्पिटलमध्ये पोस्ट मिळाली आणि ते हॉस्पिटल पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात असेल, तर पहिल्याच आठवड्यात तुमच्यासमोर एखादे "मेजर" येणारच. मेजर म्हणजे रँक नाही बरं का, आपल्याकडे गावात रिटायर झालेल्या कुठल्याही फौजीला मेजरच म्हणतात, कागदावर ते नाईक असतात नाहीतर हवालदार. मी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये सात वर्षं आहे, आमच्याकडे ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना पण चालते, त्यामुळे असे पेशंट रोज भेटतात. कॉलेजात याबद्दल फार काही शिकवलं नव्हतं म्हणून लिहितेय.

माझी पहिली चूक आधी सांगते. नवीन असताना एका काकांना मी वॉर्डात सगळ्यांसमोर म्हटलं, "काका तुम्ही फौजी ना, मग तुमचं सगळं फ्री आहे." ते फक्त "हो मॅडम" म्हणाले आणि संध्याकाळी डामा घेऊन (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) घरी निघून गेले. नंतर त्यांच्या मेहुण्याकडून कळलं की वडील गेल्यामुळे नऊ वर्षांतच नोकरी सोडून आले होते, पेन्शन नाही, म्हणून ईसीएचएसचं कार्डही नाही. ईसीएचएस 1 एप्रिल 2003 ला सुरू झालं ते मुख्यतः पेन्शनवाल्यांसाठी, आणि जवानाला पेन्शन बसायला साधारण 15 वर्षं सर्व्हिस लागते. मला हे माहीतच नव्हतं. तो माणूस चार लोकांत "मला पेन्शन नाही" असं बोलूच शकला नसता, आणि ती वेळ त्याच्यावर मी आणली होती. आता मी पेशंटला किंवा घरच्यांना बाजूला घेऊन हळूच विचारते, "पेन्शन येते का?" नाही म्हणाले तरी रस्ते आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून केंद्रीय सैनिक बोर्डाच्या मदतीचा अर्ज जातो, हवालदारपर्यंतच्या विनापेन्शनवाल्यांना आजारपणासाठी त्यातून मदत मिळते. आणि आपलं हॉस्पिटल धर्मादाय असेल तर 10 टक्के बेड निर्धन पेशंटसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावेच लागतात, त्याचे कागद आपल्याच टेबलावर होतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, तेवढं लगेच मागवा.

दुसरी गोष्ट आहे काकूंची, आणि माझ्या मते आपलं खरं काम इथेच आहे. फौजी बारा महिने बाहेर, घर, शेती, म्हातारे सासूसासरे सगळं काकूंनी सांभाळलेलं, पण पेन्शनच्या कागदाला त्यांचा हात लागलेला नसतो. आमच्याकडे एक सुभेदार साहेब व्हेंटिलेटरवर होते तेव्हा लक्षात आलं की फौजेच्या रेकॉर्डला बायकोचं नाव माहेरचं आहे आणि आधार, बँक सगळीकडे लग्नानंतर बदललेलं. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची पद्धत, गावात कुणाला त्याचं काही वाटत नाही, पण रेकॉर्ड ऑफिसच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका होतात. साहेब गेले, आणि फॅमिली पेन्शनसाठी त्या माउलीला वर्षाच्या वर फेऱ्या माराव्या लागल्या, दर वेळी दोन एसट्या बदलून. माझ्या डोळ्यांसमोरून त्या अजून जात नाहीत. तेव्हापासून कुठलाही फौजी पेशंट ॲडमिट झाला, अगदी हर्नियासाठी का असेना, मी विचारतेच की काकूंचं नाव रेकॉर्डला काय आहे, पीपीओवर (पेन्शनच्या मंजुरीच्या कागदावर) काय आहे, जन्मतारीख जुळते का. फौजेत लग्न, मुलं हे सगळं पार्ट टू ऑर्डरने नोंदवतात आणि ती नोंद रिटायरमेंटनंतरही दुरुस्त होते, साहेब स्वतः सही करू शकतात तोवर सोपं असतं. ॲफिडेव्हिट, दोघांचा फोटो, आधार जोडून जिल्हा सैनिक ऑफिसमार्फत रेकॉर्डला जातं, मराठा लाईट इन्फंट्री असेल तर बेळगावला, महार रेजिमेंट असेल तर मध्य प्रदेशात सागरला. डिस्चार्ज बुक घरी ट्रंकेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं असतं, पोराला सांगून आणायला लावा. मरणाची भाषा करतेय असं वाटून संकोच होतो, मलाही व्हायचा, पण मी सरळ म्हणते "साहेब, काकूंसाठी करून ठेवू," आणि आजवर कुणी रागावलं नाही.

इमर्जन्सीचं थोडक्यात. बरेच लोक छातीत दुखायला लागलं तरी आधी ईसीएचएसच्या दवाखान्यात, म्हणजे पॉलिक्लिनिकला, रेफरल आणायला धावतात, हे गावोगाव सांगायला हवं की तशा वेळी थेट हॉस्पिटल गाठायचं. ईसीएचएसच्या पॅनेलवरचं हॉस्पिटल असेल तर पुढचं कळवणं तेच करतं, पॅनेलवरचं नसेल तर घरच्यांनी दोन दिवसांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं, बिलं जपून ठेवायची.

आता दारूचं. कँटीनचा कोटा आणि रिटायरमेंटनंतरची रिकामी संध्याकाळ, काहींचं रोजचं होऊन जातं. ॲडमिशनच्या वेळी डॉक्टर घाईत विचारतात, "घेता का?" आणि पोरगं, सून समोर असल्याने उत्तर येतं, "कधीतरी." मग ऑपरेशन नीट होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस थरथरायला लागतो, घाम, भलतंच बोलणं, सलाईन उपटून काढणं, आणि घरचे म्हणतात डोक्याला काहीतरी झालं. ही विड्रॉवल, म्हणजे रोजची दारू अचानक बंद झाल्याची लक्षणं असतात आणि जिवावर बेतू शकते. म्हणून मी एकटं गाठून विचारते, "साहेब, रोज किती आणि शेवटची कधी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगावं लागतं." असं कामाच्या भाषेत विचारलं की फौजी खरं सांगतो. उपदेश केला की गप्प बसतो.

फायरिंग, पोस्टिंग, कोण गेलं, असलं काही आपण उकरायचं नाही. एक काका झोपेत ओरडायचे, मी नुसती बाजूला बसून त्यांच्या ऊसाची चौकशी करायचे, आठव्या दिवशी ते स्वतःच बोलले. आपल्या आवाक्याबाहेरचं वाटलं तर सायकियाट्रीकडे पाठवा, ते आपल्या हातून निभेल असं समजू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 नंबर देऊन ठेवा, फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्याचा वेगळा सेल डिसेंबर 2023 पासून पुण्यात एएफएमसीत (फौजेच्या मेडिकल कॉलेजात) आहे. ज्यांना यातच पुढे जायचंय त्यांनी लक्षात घ्या, मेंटल हेल्थकेअर ॲक्ट 2017 प्रमाणे सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणवून घ्यायला एमएसडब्ल्यूवर दोन वर्षांचं एमफिल लागतं.

शिकत असाल तर फील्डवर्क कुठे घ्यायचं हे नीट ठरवा. आपलं क्षेत्र तसं जुनं आहे, देशातली पहिली मेडिकल सोशल वर्करची नेमणूक 1946 साली मुंबईच्या जेजेत झाली, पण फौजींसोबतचं काम बघायचं तर पुण्यासारखी जागा नाही. 1944 पासूनचं आर्टिफिशियल लिंब सेंटर इथेच आहे, खडकीला कमरेखालून लुळ्या झालेल्या फौजींसाठी पॅराप्लेजिक रिहॅब सेंटर आहे. मी खडकीला एकदाच गेले होते, व्हीलचेअरवरच्या माणसांचा सकाळपासूनचा दिवस किती आखलेला असतो ते बघितलं, आणि मग आमच्या वॉर्डातून पाय कापलेल्या पेशंटला "आता आराम करा" एवढंच सांगून घरी पाठवणं मी बंद केलं.

आणि जॉइन झाल्यावर पहिल्या महिन्यातच आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात एक चक्कर मारा, तिथे कल्याण संघटक भेटतील, बहुतेक ते स्वतःच माजी सैनिक असतात. कुठला अर्ज कुठे अडतो हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांच्यासोबत चहा घ्या, तुमचा नंबर देऊन या, पुढच्या वेळी रात्री अकराला एखाद्या फौजीच्या घरचे हॉस्पिटलच्या जिन्यावर बसलेले असतील तेव्हा फोन कुणाला करायचा हे तुम्हाला माहीत असेल.